आमटी तीच, पाणी कमीजास्त

पुराणांतले समुद्र सात आणि सातांची चव सात तऱ्हांची. जंबुद्वीपाला वेढा लवणसमुद्राचा. त्यापलीकडे उसाचा रस, मग सुरा, तूप, दही, दूध आणि सर्वांत शेवटी शुद्ध पाणी. ही यादी करणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीला दाद द्यायची की भुकेला, हे ज्याने त्याने ठरवावे. पण तिच्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. सगळे समुद्र एकाच द्रवाचे आहेत का? अलिबागच्या किनाऱ्यावर ओंजळीत घेतलेले पाणी आणि ध्रुवाजवळच्या बर्फाखालचे पाणी ही एकच वस्तू, की दोन? जिभेला दोन्ही खारट. पण जिभेची साक्ष किती धरायची? खारट तर पापडखारही लागतो.

सोपा उपाय म्हणजे पाणी आटवायचे आणि उरलेले मीठ तोलायचे. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने हे करून पाहिले आणि तो वैतागला, कारण वजन एकसारखे येईना. त्याची अडचण उरण-वसईच्या मिठागरात राबणाऱ्याला लगेच समजली असती. मिठागरात पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवतात. चुनखडी आणि जिप्सम आधीच खाली बसतात, मग खायचे मीठ धरते आणि शेवटी उरते ते कडवट पाणी. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार पाण्याला असे चिकटून बसतात की सुकायचे नावच घेत नाहीत. कमी तापवले तर पाणी राहते. जास्त तापवले तर मॅग्नेशियम क्लोराइड फुटून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ उडून जाते. म्हणजे तोलायचे तेच हातातून निसटते. समुद्रातले मीठ सरळ तोलता येत नाही, ही अडचण पुढची तीनशे वर्षे या विषयाच्या मानगुटीवर बसली.

तिच्यातून वाट काढली ती लंडनमधल्या एका स्विस वंशाच्या डॉक्टरने. अलेक्झांडर मार्सेट व्यवसायाने वैद्य, आवडीने रसायनज्ञ. (घरात रसायनशास्त्र दोघांचे होते, पत्नी जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक वाचून बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा मायकेल फॅरेडे या शास्त्राकडे ओढला गेला.) मार्सेटने दूरदूर जाणाऱ्या जहाजांवरून बाटल्या भरून आणवल्या: आर्क्टिक, अटलांटिक, भूमध्य, काळा समुद्र, बाल्टिक, चिनी समुद्र. १८१९ साली त्याने निष्कर्ष मांडला. पाणी कुठलेही असो, त्यातले क्षार तेच आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाणही जवळपास तेच. फरक पडतो तो एकूण खारटपणात.

म्हणजे आमटी एकच. पाहुणे वाढले की गृहिणी तीत पाणी ओतते. पाणी वाढते, मसाल्यांचे आपसातले प्रमाण बदलत नाही. बाल्टिकमध्ये नद्यांनी पाणी ओतले म्हणून तिथली आमटी पातळ, तांबड्या समुद्रात उन्हाने आटली म्हणून दाट. क्षारांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३० टक्क्यांच्या वर, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. या सहांत ९९ टक्क्यांहून अधिक हिशेब संपतो.

या शोधाचा व्यावहारिक फायदा कोपनहेगनच्या गेऑर्ग फोर्कहामरने ओळखला. प्रमाण ठरलेले असेल तर सगळे क्षार मोजायची गरजच काय? एक मोजावा, बाकीचे गणिताने काढावेत. त्याने क्लोरीन निवडले, कारण त्याची परीक्षा सोपी. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातले की पांढरा, दह्याच्या कवडीसारखा साका तळाशी बसतो. (पुराणातला दधिसमुद्र प्रयोगशाळेत भेटला तो असा.) वीसेक वर्षे नमुने गोळा करून १८६५ साली त्याने सगळे प्रसिद्ध केले. ‘सॅलिनिटी’, म्हणजे क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार), ही संज्ञाही त्याचीच. पुढे चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमारने ग्लासगोत तपासले आणि १८८४ साली मार्सेटवर शिक्कामोर्तब झाले. मात्र चॅलेंजर केप टाउनहून दक्षिणेच्या बर्फाकडे वळून थेट मेलबर्नला गेले होते. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेवर आलेच नाहीत.

फोर्कहामरच्या लेखात आणखी एक गोष्ट होती, आणि ती क्लोरीनच्या युक्तीपेक्षा मोलाची आहे. नद्यांच्या पाण्यात कॅल्शियम जास्त. समुद्रात मात्र सोडियम वरचढ. असे का? कारण, त्याने म्हटले, समुद्रात काय उरते हे नद्या काय आणतात यावर ठरत नाही, तर समुद्रातून काय सहज बाहेर पडते यावर ठरते. शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव कॅल्शियम उचलून कवचे बांधतात. सोडियमला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते साचते. तोवर समुद्र म्हणजे नद्यांचा हिशेब जमा होणारी तिजोरी असे चित्र होते. आता तिजोरीला मागचे दारही आहे असे दिसले.

हे दार न पाहिल्याने भूशास्त्रज्ञ जॉन जोलीची मोठी फसगत झाली. नद्या दरवर्षी किती सोडियम आणतात आणि समुद्रात एकूण किती आहे याचा भागाकार करून १८९९ साली त्याने पृथ्वीचे वय सुमारे नऊ कोटी वर्षे काढले. खरे वय साडेचारशे कोटींच्या घरात. तरी जोलीची मेहनत वाया गेली नाही. त्याने वय म्हणून काढलेला आकडा मुक्कामाचा निघाला: सोडियमचा कण समुद्रात येऊन पुन्हा बाहेर पडेपर्यंत जाणारा काळ साधारण तितक्याच कोटींतला आहे. उलट सगळे महासागर एकदा ढवळून निघायला हजारेक वर्षे पुरतात. मार्सेटच्या आमटीचे रहस्य इथे आहे. इतके सावकाश शिजणारे आणि त्या मानाने इतक्या भराभर ढवळले जाणारे पातेले असेल तर प्रमाण सगळीकडे सारखे राहणारच.

मोजमापाची गोष्ट पुढे जरा मजेदार होते. १९०१ साली मार्टिन क्नुडसेनने क्लोरीनवरून क्षारता काढायची कोष्टके छापली, त्यांतल्या सूत्रात क्लोरीन शून्य असले तरी क्षारता ०.०३० उरते. हे बाल्टिकला मिळणाऱ्या नद्यांतल्या इतर क्षारांचे देणे होते आणि ते साऱ्या जगाने निमूटपणे वाहिले. मग विजेचा वापर सुरू झाला: पाणी जितके खारट तितकी वीज सहज वाहते. १९७८ साली ठरलेल्या मोजपट्टीत क्षारता दोन वाहकतांच्या गुणोत्तरावरून काढायची ठरली आणि तिचे एककच गेले. ‘३५’ एवढेच लिहायचे. पुढे काही जोडले तर जाणकार नाक मुरडतात. मिठाचे प्रमाण सांगणाऱ्या आकड्यात मीठच उरले नाही. २०१० पासूनच्या नव्या पद्धतीने ग्रॅम परत आणले आणि सोबत एक कबुलीही दिली, की प्रमाण अगदी तंतोतंत सारखे नाही. उत्तर प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात विरघळलेल्या सिलिकामुळे हिशेब दशांशाच्या दुसऱ्या घरात हलतो.

दुसऱ्या घरातला फरक म्हणजे केस फाडणे वाटेल. पण समुद्र एकच आहे हे पक्के ठरल्यामुळेच दोन समुद्रांतला फरक भरवशाने वाचता येऊ लागला, आणि त्याचे ठळक उदाहरण चॅलेंजरने वगळलेल्या भागात आहे. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, क्षारता ३६ च्या आसपास. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा उतरतात. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागात वरचे पाणी ३० च्याही खाली जाते. हे कमी खारट पाणी हलके, ते तवंगासारखे वर राहते. वाऱ्याला खालचे थंड पाणी वर ओढता येत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो आणि ढगांना वाफेची रसद मिळत राहते. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ साली दोन्ही समुद्रांचा उष्णतेचा जमाखर्च मांडून हा फरक दाखवला.

या जमाखर्चात त्र्यंबकेश्वरचा पाऊसही आहे. अरबी समुद्र तिथून शंभरेक किलोमीटरवर, पण सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडलेले ते पाणी गोदावरीतून दूरच्या समुद्राला मिळते. पावसाळा सरला की पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो, उपसागरातले पातळ पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या बाजूला आणतो, आणि हिवाळ्यात तिथल्या अरबी समुद्रात सोडलेल्या उपकरणांवर क्षारतेचा आकडा उतरू लागतो.