उपाधी आणि अभय

जीवाला जीवापासून वेगळे ठेवणारी मर्यादा ही केवळ अविद्येची करणी आहे, की सहवास सुसह्य व्हावा म्हणून केलेला तो एक दयाळू बंदोबस्तही आहे, हा प्रश्न बीड जिल्ह्याला परका नाही. कारण ज्या मुकुंदराजांनी शांकर अद्वैत मराठीत आणले, आणि ज्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके 1110 मधील मानला जातो, त्यांची समाधी आंबेजोगाईलगत बालाघाटाच्या दरीत आहे. या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार आठवण होते ती वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दशकाची.

1981 साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्यातील 8088 प्रोसेसरच्या आवाक्यातल्या साऱ्या स्मृतीवर कोणत्याही प्रोग्रामचा अनिर्बंध अंमल चाले. स्मृतीच्या अगदी आरंभीच्या 1024 बाइटांत 256 पत्ते नोंदलेले असत. कळ दाबली गेली किंवा घड्याळाचा ठोका पडला, की पुढे कोठे धाव घ्यावयाची हे प्रोसेसरला त्यांवरून कळे. एखाद्या प्रोग्रामने हिशेब चुकून तेथे भलतेच आकडे लिहिले, तर त्याला हटकणारा कोणी नव्हता. पडदा जागच्या जागी गोठे आणि शेजारचे निरपराध कामही त्याच्याबरोबर बुडे. भेद पुसला की अद्वैत साधते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे यंत्र अवश्य न्याहाळावे. आमच्या मुलखात शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला निदान कोर्टकचेरीचे भय असते. येथे कोरावयास बांधच नव्हता.

1985 मध्ये इंटेलच्या 80386 ने निराळी रीत आणली. प्रोग्राम जो पत्ता उच्चारतो तो खरा नसतोच. 4096 बाइटांच्या एकेका पानाची नोंद ठेवणाऱ्या दप्तरात पाहून प्रोसेसर खरे स्थान ठरवितो, आणि नोंद नसलेल्या पानाकडे कोणी वळताच त्याला तेथेच रोखून कारभार मुख्य प्रणालीच्या हाती सोपवितो. इतकेच नव्हे, तर डॉसचे अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालू असताना त्यांतील प्रत्येकास आपण एका स्वतंत्र यंत्राचे एकमेव धनी आहोत असे भासविता येई. भास मिथ्या खरा. पण त्याच भासामुळे एकाच्या पतनातून दुसरा वाचे.

व्यावहारिक भेद आम्हीही मानतो, असे अद्वैती म्हणेल, आणि ते यथार्थ आहे. तथापि आपल्या प्रवचनांतून हा भेद बहुधा सोसावयाची आपत्ती म्हणूनच येतो, याची मला खंत वाटते. दुसऱ्याच्या अंतःकरणात आपल्याला थेट हात घालता येत नाही, त्याची स्मरणे आपल्या लहरीने खोडता येत नाहीत, याला मी कृपा म्हणेन. आणि पानांची ही व्यवस्था लागू झाली, की खुद्द मुख्य प्रणालीचे पत्तेही त्याच दप्तरातून जातात. मात्र त्यात नोंदी करण्याचा अधिकार तिचा असतो, जसा वेदान्तातील ईश्वरही मायोपाधीनेच युक्त असतो, परंतु माया त्याच्या स्वाधीन असते आणि जीव अविद्येच्या अधीन.