पेशी, शरीर आणि त्याग



आपल्या मंडळ्यांतील तरुण-तरुणी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकतात आणि रविवारी उपासनेस बसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न असतो, जो सहसा मोठ्याने विचारला जात नाही: सर्व प्राणी, आणि त्यांत मनुष्यही, एकपेशीय पूर्वजांपासून उत्क्रांत झाले असतील, तर आपल्या श्रद्धेचे काय? त्याचे उत्तर द्यावयास हवेच. परंतु त्यामागे दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा आहे. एकएकट्या पेशी एकत्र आल्या आणि शरीर घडले, या घटनेवरून माणसाने माणसाशी कसे वागावे याचा धडा घ्यावा काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. समुद्राच्या व गोड्या पाण्यात कोॲनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव राहतात. प्रत्येकाला चाबकासारखी एक शेपटी असते व तिच्या मुळाशी सूक्ष्म तंतूंची गळपट्टी असते. शेपटी हलवून तो पाण्याचा प्रवाह निर्माण करतो आणि गळपट्टीत अडकलेले जिवाणू खातो. स्पंज या प्राण्याच्या आतील पेशींची घडण अशीच असते, हे साम्य हेन्री जेम्स-क्लार्क या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकातच निदर्शनास आणले होते. पुढे २००८ साली मोनोसिगा ब्रेव्हिकॉलिस या कोॲनोफ्लॅजेलेटचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. आपल्या शरीरात पेशींना परस्परांशी जोडून ठेवणाऱ्या कॅडहेरिन नामक प्रथिनांच्या कुळातील जनुके या एकट्या राहणाऱ्या जीवातही आढळली. पेशीपेशींत निरोप पोहोचविणाऱ्या काही प्रथिनांची गोष्टही तशीच. याचा अर्थ असा, की शरीर बांधण्याचे बरेचसे साहित्य शरीर अस्तित्वात येण्यापूर्वीच तयार होते. २०१२ साली आणखी एक गोष्ट प्रकाशात आली. याच गटातील एका जातीचे जीव विशिष्ट जिवाणूंच्या सान्निध्यात विभागल्यावर विलग होत नाहीत, तर फुलासारखा पुंजका करून राहतात. आजचे हे जीव आपले पूर्वज नव्हेत. ते प्राणिसृष्टीचे दूरचे भाऊबंद होत. उभयतांचा समान पूर्वज ६० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला.

यामुळे मनुष्याची प्रतिष्ठा उणावते काय? पवित्र शास्त्राच्या मूळ भाषेकडे लक्ष द्या. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचर व भूचर प्राण्यांसाठी 'नेफेश हय्या', म्हणजे जिवंत प्राणी, हा इब्री शब्दप्रयोग येतो. दुसऱ्या अध्यायात मातीतून घडविलेल्या मनुष्याविषयी नेमका हाच शब्दप्रयोग आहे. अनेक भाषांतरांनी दोन ठिकाणी दोन निरनिराळे शब्द योजले आणि वाचकाच्या दृष्टीआड हे साम्य गेले. शिवाय प्राणी उपजविण्याची आज्ञा तेथे भूमीला झाली आहे. यावरून उत्पत्तीच्या लेखकाने उत्क्रांती आधीच सांगून ठेवली होती असे म्हणणे, हा शास्त्र आणि विज्ञान या दोहोंवरही अन्याय ठरेल. परंतु एवढे निश्चित, की प्राण्यांशी असलेल्या नात्याची त्या लेखकाला लाज वाटली नाही. मनुष्याचे वेगळेपण त्याने देवाच्या प्रतिरूपात आणि त्यासोबत येणाऱ्या जबाबदारीत पाहिले. वेगळ्या मातीत पाहिले नाही.

आता दुसरा प्रश्न. एकटी पेशी स्वतः जगते, स्वतः विभागते, स्वतःचा वंश चालविते. शरीरात आल्यावर बहुतेक पेशींचे हे स्वातंत्र्य संपते. पुढील पिढीत जाण्याचे भाग्य केवळ प्रजननपेशींच्या वाट्याला येते. बाकीच्या त्यांच्यासाठी राबतात आणि नाश पावतात. कित्येकींना तर वेळेपूर्वीच मरावे लागते. सी. एलेगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीची वाढ होताना १०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी १३१ ठरल्या वेळी मरतात. या संशोधनासाठी ब्रेनर, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मातेच्या उदरात आपल्या बोटांमधील पडदा नाहीसा होतो, तोही तेथील पेशी मरतात म्हणून. याउलट एखादी पेशी हा नियम झुगारून स्वतःपुरती वाढू लागली, तर त्याला आपण कर्करोग म्हणतो.

येथे प्रवचनाचा मोह होतो. पेशींसारखे व्हा, समूहासाठी स्वतःला मिटवा, जो वेगळा निघेल तो कर्करोग! वाचकहो, या मोहापासून सावध राहावे असे मला वाटते, आणि त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण असे, की पेशी त्याग करीत नाही. तिला नकार देता येत नाही. आणि जेथे नकार शक्य नाही तेथे त्याग हा शब्दच लागू पडत नाही. दुसरे कारण असे, की निसर्गात सहकार्याइतकेच भक्षणही आहे. त्यातून आपल्याला हवे तेवढे उचलायचे आणि त्याला नीती म्हणायचे, हा प्रामाणिक विचार नव्हे. तिसरे कारण इतिहासाचे आहे. इ. स. पूर्व ४९४ मध्ये रोमचे सामान्यजन अन्यायाला कंटाळून नगर सोडून गेले. तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून परत आणले, अशी परंपरा आहे. गोष्टीचे तात्पर्य असे, की पोट निष्क्रिय दिसले तरी अवयवांनी त्याची सेवा करावी. आपल्या देशात पुरुषसूक्ताने चार वर्ण एकाच देहाच्या मुख, बाहू, मांड्या व पाय यांच्याशी जोडले, आणि कोणी कायम पायाशी राहावे याचा आधार म्हणून ते सूक्त वापरले गेले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांवरील आपल्या ग्रंथात त्याची कठोर चिकित्सा केली. दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी हेही आठवावे, की एक शरीर म्हणविणाऱ्या भारतीय मंडळ्यांपैकी काहींत जातींसाठी वेगळ्या दफनभूमी राहिल्या आहेत.

मग पौलाने हेच रूपक का वापरले? करिंथ हे ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविलेले नगर होते. तेथील वाचकांना शरीराची उपमा नवी असण्याचा संभव कमी. परंतु पौलाने तिची दिशा पालटली. अग्रिप्पाच्या गोष्टीत दुर्बलांनी सबलांची सेवा करावयाची आहे. करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मात्र दुर्बल दिसणारा अवयव अधिक अगत्याचा ठरतो, ज्याला मान उणा त्याला अधिक मान दिला जातो, आणि एकाचे दुःख सर्वांचे होते. जीवशास्त्राच्या शरीरात पेशीचे मोल तिच्या उपयोगापुरते असते. पौलाच्या शरीरात ज्याचा उपयोग दिसत नाही त्याचे मोल वाढते. येथे ख्रिस्ती विचार निसर्गाच्या पुढे जातो. प्रभूने प्राण दिला तो कोणी हिरावून घेतला म्हणून नव्हे, स्वेच्छेने दिला, असे योहानाचे शुभवर्तमान आग्रहाने सांगते.

तेव्हा उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना भिववू नका. आपण एकपेशीय जिवांचे वंशज आहोत, हे सत्य श्रद्धेला मारक नाही. मारक आहे ती माणसाला पेशी मानण्याची वृत्ती. घराच्या अब्रूसाठी मार सोसत राहा असे सुनेला सांगितले जाते, मंडळीच्या ऐक्यासाठी हिशेबाचा प्रश्न काढू नको असे एखाद्या सभासदाला सांगितले जाते; अशा वेळी आपण दोन गोष्टी विचाराव्यात. हा त्याग कोण मागत आहे, आणि तो मागणाऱ्याने स्वतः काय दिले आहे? ज्याच्याकडून त्याग मागितला जातो, त्याला निर्भयपणे नाही म्हणता येते काय? येत नसेल, तर ऐक्याच्या नावाने जे मागितले जात आहे, त्याला ख्रिस्ती त्याग म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.