काय सोडायचं?

'नेव्हर गिव्ह अप' ही अक्षरं शाळांच्या भिंतींवर दिसतात, व्यायामशाळेत दिसतात, मुलांच्या टी-शर्टवरही असतात. त्यामुळे 'गिव्ह अप' म्हणजे हार मानणं, एवढंच डोक्यात बसतं. बोलण्यातलं 'गिव्ह अप' याहून पुष्कळ मोठं आहे. कोडं सुटेना की 'आय गिव्ह अप', म्हणजे हरलो बुवा, सांग आता. तिथे कर्म नाही, नुसती माघार आहे. कर्म आलं की बहुतेक वेळा अर्थ पालटतो. सिगारेट गिव्ह अप करणं ही हार नव्हे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत विचारतात, यंदा काय गिव्ह अप करणार? कुणी गोड सोडतं, कुणी दारू. काशीहून परतलेल्या आजीला आपल्याकडे हेच विचारत: काय सोडून आलात? सोडायचं ते आवडीचंच; नावडती भाजी सोडली तर ते कुणी धरत नसे.

बसमध्ये उठून दुसऱ्याला जागा देणं, तेही गिव्ह अपच. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात एका गोऱ्या प्रवाशासाठी ड्रायव्हरने चार काळ्या प्रवाशांना उठायला सांगितलं. तिघं उठली. शिवणकाम करणाऱ्या, ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत. दिवसभराच्या कामाने दमल्या होत्या म्हणून बसून राहिल्या, असं अजूनही सांगितलं जातं. मला ही गोष्ट त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात ती खोडून काढली आहे: अंग दमलं नव्हतं, सारखं नमतं घेण्याचा वीट आला होता. नमतं घेण्यासाठी त्यांनी वापरलेलं क्रियापद 'गिव्ह इन' आहे. जागा गिव्ह अप करणं खुशीचं असू शकतं. गिव्ह इन करताना समोर कुणीतरी दटावत उभा असतो.

पुढे शहरातल्या काळ्या लोकांनी काय केलं? जागा सोडायची नव्हती, म्हणून बसच सोडली. ३८१ दिवस. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल चालत कामावर गेल्या; ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी इतरांना नेलं-आणलं. सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि २१ डिसेंबर १९५६ रोजी ही माणसं पुन्हा बसमध्ये चढली, हवी त्या जागेवर बसायला.