खाडा

गेल्या श्रावणात मी मायला फिरायला न्यायचं ठरवलं. रविवार होता, मित्राची चारचाकी मिळाली होती, बायको आणि सात वर्षांची लेक तयारच होत्या. आदल्या रात्री मोबाइलवर ‘बीडजवळची फिरण्याची ठिकाणं’ शोधून झाली आणि मी मायला सांगितलं, “उद्या फिरायला जाऊ.”

“कुणाकडं?” तिनं विचारलं.

“कुणाकडं नाही. नुसतं फिरायला. कपिलधारला धबधबा बघायला.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “देवाला जायचंय म्हन की मग.”

कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, म्हणून ती आली. नुसत्या पाण्यासाठी आली नसती. तिच्या सगळ्या आयुष्यात ‘जाणं’ तीनच प्रकारचं होतं: पाव्हण्यांकडं, देवाला आणि कारखान्याला. चौथा प्रकार तिनं ऐकलाच नव्हता.

पावसाळ्यात बालाघाटाचे डोंगर हिरवेगार असतात. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, कारण बातम्यांमधला बीड जिल्हा कायम टँकर आणि भेगाळलेली जमीन असाच दिसतो. कपिलधारला त्या दिवशी तोबा गर्दी होती. पोरं धबधब्याखाली ओरडत होती, रील काढत होती. माझी लेक भिजून चिंब झाली होती. मी मागं वळून पाहिलं तर माय जागेवर नव्हती. पायवाटेच्या कडेला वाकून ती कुर्डूची भाजी खुडत होती. अर्धा पदर भरला होता.

“अगं, बस की जरा. कशाला आलोय आपण?”

“बसलं की खाडा पडल्यावानी वाटतंय रं,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

हा शब्द तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, काहींना नसेल. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसं, पण हिशोबात एकच कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. मजुरी टनावर मिळते. ज्या दिवशी काम झालं नाही तो खाडा. ताप आला तरी खाडा, पाळी आली तरी खाडा, गावाकडं कुणी गेलं म्हणून यावं लागलं तरी खाडा. त्याचे पैसे कापले जातात. म्हणजे विश्रांतीला नुसती किंमत नाही, दंड आहे.

माझ्या मायनं बावीस हंगाम केले. आबा गेल्यावर कोयता मोडला, म्हणून थांबली. नाहीतर थांबली नसती.

त्या दिवशी घरी येताना गाडीत मला जरा रागच आला होता. मायचा नाही, कुणाचा ते कळत नव्हतं. एवढी हौसेनं घेऊन गेलो आणि ही भाजी निवडत बसली. रात्री तीच भाजी ताटात आली आणि चांगली लागली, तेव्हा मी स्वतःला पहिल्यांदा नीट विचारलं: मौजेवर हक्क कुणाचा असतो?

याचं सोपं उत्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतं. राबतो त्याचा. आठवडाभर काम केलं की रविवार आपला. ‘कमावलेली सुट्टी’ असं आपण म्हणतोच. पण हे उत्तर खरं असतं, तर बीड जिल्ह्यात माझ्या मायइतका हक्क कुणाचाच नसता. पहाटे चारला थंडीत फडात उतरणारी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर फळीवरून चढणारी बाई जगातल्या सगळ्या धबधब्यांची मालकीण असायला हवी होती. तसं होत नाही. उलट जो जास्त राबतो त्याला थांबता येत नाही, आणि जो थांबू शकतो त्याला ‘कमावलं’ म्हणता येतं.

ही अडचण जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी म्हटलं, की आपण कामात गुंततो ते शेवटी फुरसत मिळावी म्हणून. फुरसतीला तो आळस समजत नव्हता. माणूस विचार करतो, संगीत ऐकतो, मित्रांशी बोलतो, ते सगळं त्याच वेळात. ग्रीक भाषेत या फुरसतीला ‘स्कोले’ म्हणत, आणि इंग्रजीतला ‘स्कूल’ हा शब्द त्यातूनच आला. शाळा म्हणजे मुळात सवड. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या अथेन्समध्ये नागरिकांना सवड मिळायची ती गुलाम राबायचे म्हणून, आणि त्याला त्यात वावगं वाटलं नाही. आज आपण चहात साखर घालून, सहलीचे फोटो बघत बसतो. तुलना शंभर टक्के जुळत नाही, हे मला कळतं. पण पूर्ण खोटीही वाटत नाही.

शाळा आणि सवड हे नातं आमच्याकडं फार उघडं आहे. ज्या पोराचे आईबाप कारखान्याला जातात, त्याची दोन्ही एकदमच जातात. पोरगं सोबत गेलं तर शाळा सुटते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम लागतं. मी सुदैवी, मला आजीपाशी ठेवलं. म्हणून मी शिकलो, नोकरीला लागलो आणि आता सवडीवर लेख लिहितोय.

कागदावर मात्र सगळं आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 24 वं कलम प्रत्येकाला विश्रांतीचा, सवडीचा आणि ठरावीक पगारी सुट्ट्यांचा हक्क देतं. 1989 च्या बालहक्क करारातलं 31 वं कलम प्रत्येक मुलाला खेळण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क देतं. भारतानं तो करार 1992 मध्ये मान्य केला. त्या वर्षी माय उसाच्या फडात होती आणि मी आजीच्या मांडीवर.

या सगळ्याचा विचार करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं समोर असून दिसली नव्हती. आमच्या घराला हिवाळा नाही.

दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरायच्या. परतायचं ते पाडवा उलटून, ऊन तापल्यावर. म्हणजे मायनं आपला गाव उन्हाळ्यात पाहिला आणि पावसाळ्यात पाहिला. बालाघाटातली सीताफळं पिकायला लागतात तेव्हा तिची निघायची तयारी चालू असायची. ज्वारी हुरड्यावर येते तेव्हा ती दुसऱ्या जिल्ह्यात असायची. कार्तिकातली कपिलधारची यात्रा, संक्रांतीचं वाण, शेकोटीभोवतीच्या गप्पा, जत्रेतला तमाशा, यातलं काही तिच्या गावाच्या आठवणीत नाही. एखाद्या घराला खोली कमी असावी तसा तिच्या आयुष्याला एक ऋतू कमी आहे. आणि मराठवाड्यातला सगळ्यात गोड ऋतू नेमका तोच.

मी मोबाइलवर शोधलेली यादी पुन्हा काढली. बीडचं कंकालेश्वर, पाण्याच्या कुंडात मधोमध उभं असलेलं दगडी मंदिर. गावाबाहेरची खजाना विहीर, जी सोळाव्या शतकात सलाबतखानानं राजा भास्करकडून बांधून घेतली आणि जिचं पाणी जमिनीखालच्या कालव्यातून, मोट न लावता शेतात जातं. नायगावचं मोरांचं अभयारण्य. पाटोद्याकडचा सौताड्याचा धबधबा. धारूरचा किल्ला. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी, आणि दासोपंतांची पासोडी, चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ. ही सगळी ठिकाणं जवळ आहेत असं लिहिलेलं होतं. पण जवळ म्हणजे काय? कंकालेश्वरापासून एसटी स्टँड जवळ आहे, आणि त्या स्टँडवरून माय बावीस वर्षं येत-जात राहिली. तिनं ते मंदिर पाहिलं नव्हतं. अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, कारण ते मोजायला सोपं. मोकळा दिवस हाताशी नसेल तर दोन किलोमीटरही लांबच.

मार्गशीर्षात आम्ही दुसऱ्यांदा निघालो. या वेळी मी ‘फिरायला’ म्हटलं नाही. अंबाजोगाईकडच्या एका मित्रानं येळवशीला शेतावर बोलावलं होतं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, अंबाजोगाई-परळीच्या बाजूला हा सण मोठा. त्या दिवशी घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची. आणि मग जेवण: भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबवलेली थंडगार आंबील. एकच नियम खरा पाळला जातो. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि जेवू घालायचं. तो कोण, कुठला, त्याला शेत आहे की नाही, हे विचारायचं नाही.

मी हे रंगवून सांगत नाही. ज्याला शेत नाही तो त्या दिवशी पाव्हणाच असतो, यजमान कधीच होत नाही. हे माझ्याही मनात होतं, आणि मायच्याही असणार. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि वाढायला उभी राहिली. मित्राच्या आईनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

“बसा ताई. आज आमच्या हातचं खा.”

माय बसली. हात मांडीवर ठेवून, अवघडून. लेक तिच्या शेजारी जाऊन बसली, तिच्या पानातली खीर खाऊ लागली. समोर हरभरा होता, पलीकडं करडई, ज्वारी कणसावर आलेली. ऊन होतं पण लागत नव्हतं. मायनं आंबील प्यायली, मिशी आली ती पुसली, पुन्हा मागितली. बराच वेळ ती शेताकडं बघत राहिली. यावेळी काही खुडलं नाही.

मग मला म्हणाली, “हे दर साली असतंय?”

“हो. दर साली.”

“हितंच?”

“इथंच.”

ती काही बोलली नाही. मलाही काही सुचलं नाही. आमच्या गावापासून हे शेत तासाभराच्या रस्त्यावर आहे.

त्या दिवसानं मला एक गोष्ट पटवली. मौज ही कमाईची वस्तू नाही. बांधावरून जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, की तू आज किती टन तोडलेस. जेवायची वेळ आहे, तू माणूस आहेस, बस. हक्काचं याहून सोपं वर्णन मला कुठल्या कलमात सापडलं नाही.

पण ही गोष्ट एका दिवसाची, एका यजमानाच्या चांगुलपणाची राहिली तर ती दयाच ठरते. मी मायला गाडीत घालून नेलं, तीही एक प्रकारे दयाच. तिला हवं होतं ते बावीस हिवाळ्यांतलं काहीतरी, आणि ते मला कुठूनही आणून देता येत नाही. आईबापाला फिरवून आणलं की आपल्याला बरं वाटतं, फोटो छान येतात. ते जरूर करा. फक्त त्यानं हिशोब मिटला असं समजू नका. मी समजत होतो.

माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको याही वर्षी कोयत्यावर आहेत. येळवशीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मायनं फोन स्पीकरवर टाकून त्याला सगळं सांगितलं. भज्जी, उंडे, आंबील, कोप, पाच पांडव. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“पुढल्या येळवशीला तू बी ये,” ती म्हणाली.

“माय, खाडा पडंल की,” तो म्हणाला.

मायनं माझ्याकडं पाहिलं. एरवी हा शब्द तिचा. त्या दिवशी पहिल्यांदा तो ऐकून तिला राग आलेला मी पाहिला.

“पडू दे,” ती म्हणाली.

तिला माहीत होतं की ते त्याच्या हातात नाही. मलाही माहीत आहे. पण कुणाच्या तरी हातात आहे, एवढं दोघांनाही कळलं होतं.