सात सेकंदांचे ऋण

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने संगणकावर रचलेले आपले गीत मला ऐकविले. त्यातील ड्रमची लय इतकी जिवंत होती की, हे कोणी वाजविले, असे मी सहज विचारले. "कोणी नाही, फादर. जुन्या तबकडीवरून उचललंय," तो म्हणाला; आणि थोडे थांबून त्याने विचारले, "ही चोरी होते का?" धर्मगुरूच्या खिशात अशा प्रश्नांची उत्तरे तयार असतात, असा लोकांचा समज आहे. मी त्याच्याकडून सवड मागून घेतली.

त्याने उचललेला तुकडा जेमतेम सात सेकंदांचा आहे. वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाने १९६९ साली एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूवर 'आमेन, ब्रदर' ही रचना होती. मध्येच सारी वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन नावाचा वादक चार आवर्तने एकटाच ड्रम वाजवितो. पुढे १९८०च्या दशकात ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवून हवा तसा कापता-जोडता येईल अशी 'सॅम्पलर' यंत्रे सर्रास वापरात आली, आणि त्या सात सेकंदांवर हजारो गीते उभी राहिली. इंग्लंडमध्ये 'जंगल' नावाचा एक संगीतप्रकारच त्यांच्या आधाराने वाढला. कोलमनला त्यांतले काहीही मिळाले नाही. २००६ साली अटलांटा शहरात तो विपन्नावस्थेत वारला. २०१५ साली इंग्लंडमधील काही संगीतप्रेमींनी निधी उभारून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २४,००० पौंड दिले. त्या वेळी कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

यावर चोरीचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ही रीत कोठे जन्मली तेही पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत १९७३ साली कूल हर्क या नावाने ओळखला जाणारा जमैकन तरुण बहिणीच्या मेजवानीत गाणी लावीत होता. केवळ ड्रम वाजू लागले की नाचणाऱ्यांना उधाण येते, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गीताच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तेवढाच भाग लांबवू लागला. ज्यांच्या घरी वाद्य नव्हते, त्यांनी वडीलधाऱ्यांच्या तबकड्यांनाच वाद्य केले. शिवाय 'आमेन, ब्रदर' तरी संपूर्ण स्वतंत्र कोठे आहे? तिची चाल कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांत गायिल्या जाणाऱ्या एका भक्तिगीतावर बेतलेली आहे.

उसनवारी ख्रिस्तसभेलाही परकी नाही. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये 'लोम आर्मे', म्हणजे सशस्त्र माणूस, हे एक लौकिक गाणे प्रसिद्ध होते. त्याच्या चालीवर चाळीसहून अधिक मिस्सा रचल्या गेल्या; पालेस्त्रिनानेही दोन रचल्या. मात्र या मिस्सा बहुधा त्या गाण्याच्याच नावाने ओळखल्या जात. घेणारा घेतल्याचे दारावरच लिहून ठेवीत होता.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे बिझ मार्की या गायकाचा खटला आला. गिल्बर्ट ओ'सलिव्हन यांच्या १९७२ सालच्या गीताचा अंश त्याने परवानगीवाचून वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाचा आरंभ कायद्याच्या कलमाने न करता चोरीविषयीच्या आज्ञेने केला. आपल्या गणनेप्रमाणे ती सातवी. वाचून मला क्षणभर समाधान वाटले, मग ते ओसरले. कारण त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि मोबदला यांचा व्यवहार रूढ झाला खरा, पण परवानगी मागायची ती रचनाकाराची आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. नुसते वाजविणाऱ्याचे नाव त्या यादीत सहसा नसते. कोलमनसारख्याच्या हाती त्यातून काय पडणार? ज्याच्यापाशी पैसा आहे तो निर्दोष ठरतो, ब्राँक्सच्या पोराला ते परवडत नाही, आणि ड्रमवाला दोन्हीकडून उपाशी.

सेमिनरीत आम्हांला शिकविले जाई की, चोरीचा पश्चात्ताप परतफेडीवाचून पुरा होत नाही. येथे पेच असा की, घेतलेला ध्वनी मालकापाशी जसाच्या तसा उरतो. मग परत काय करायचे? श्रमाचे फळ, हे तर आहेच. पण त्याआधी नाव. १९८१ सालच्या 'ज्योती' चित्रपटातील लता मंगेशकरांचे एक गीत ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या २००२ सालच्या गाण्यात सर्रास वापरले गेले. तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले. आणि २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने बजावले की, त्यांचे नाव छापल्याशिवाय ती तबकडी विकता येणार नाही. तो आदेश मला त्या आधीच्या निकालापेक्षा सातव्या आज्ञेच्या अधिक जवळचा वाटतो.

हे लिहिताना माझी लेखणी जरा अडखळते. धर्मगुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत मी एका वृद्ध फादरांच्या वहीतून एक प्रवचन उचलले होते. लोकांनी फार वाखाणले. मिस्सा संपल्यावर अंगणात लोक माझा हात हाती घेत होते, आणि मी "देवाची कृपा" एवढेच म्हणालो. फादरांनी ती वही मला आपण होऊन दिली होती. त्यांनी खचितच राग धरला नसता. तरीही ते वारल्यावर मला ती वही पुष्कळ दिवस उघडवली नाही.

त्या तरुणाला मी हे सारे सांगितले, वहीसुद्धा. चोरी की नाही याचे एका शब्दात उत्तर मला देता आले नाही. त्याने बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले, "फादर, कोलमन मराठीत कसं लिहायचं?"