बातमी आणि वास्तपुस्त

मराठी भाषेने एक बारीक भेद फार पूर्वीपासून सांभाळून ठेवला आहे. बातमी 'कळते', वास्तपुस्त 'करावी' लागते. बातमी घरबसल्या येते, आपल्याला जागचे हलावे लागत नाही. वास्तपुस्त करायची तर उठून जावे लागते, ओट्यावर टेकावे लागते, समोरचे माणूस काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकावे लागते. आणि ऐकून झाल्यावर नुसतेच 'बरं, येतो' म्हणून उठणे प्रशस्त वाटत नाही. शब्दांचा हा भेद आचरणातला भेद आहे, आणि त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. शेजाऱ्याचे दुःख मला कळले, एवढ्यानेच माझ्यावर काही बंधन येते काय? की कळणे निराळे आणि करणे निराळे?

हा प्रश्न हवेत सोडवू गेले तर तो शब्दांतच विरून जातो. त्यापेक्षा तो एखाद्या मुलखात नेऊन पाहावा. मी बीड जिल्ह्याची उत्तर कड निवडतो. गेवराई आणि माजलगाव हे तालुके गोदावरीच्या काठचे. राक्षसभुवनचा शनी इथला, पुरुषोत्तमपुरीचा अधिक महिन्यातला मेळा इथला, सिंदफणा जिथे गोदेला मिळते ते मंजरथही इथलेच. १७६३ च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनाला तरुण माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला गाठले, ती वार्ता जासुदांनी लगबगीने पुण्याला पोहोचवली असेल. पण त्या पावसाळ्यात नदीकाठच्या कोणत्या झोपडीत चूल पेटली नाही, हे पुण्याला कळले नाही, आणि कळण्याचे कारणही नव्हते. ते पाणवठ्यावर कळत होते.

पाणवठा हे आपल्या खेड्याचे पहिले वर्तमानपत्र. 'दर्पण' निघाले १८३२ च्या जानेवारीत. पाणवठ्याचे वर्ष कोणाला सांगता येणार? कोणाची सून चार दिवस घागर घेऊन आली नाही, एवढ्यावरून बायकांना कळे की त्या घरात काहीतरी बिनसले आहे. आणि विशेष असे की, तिथे बातमी आणि वास्तपुस्त या दोन क्रिया वेगळ्या पडतच नसत. जिला कळले तीच परतवाटेवर त्या दारात थांबत असे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, 'चला, जुन्या गावाचे गोडवे सुरू झाले.' तसे करण्याचा माझा विचार नाही. जुन्या गावाची वास्तपुस्त वेशीपाशी अडत होती. मराठी मुलखात कोणाच्या घरी माणूस गेले, तर परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन जाण्याचे काम महाराकडे असे. ऊन असो की पाऊस, पायी जायचे, दुःखाची वार्ता सांगायची, दाराबाहेरच उभे राहायचे, आणि वाढतील ती भाकरी घेऊन परतायचे. साऱ्या गावाचे मरण ज्याने वाहिले, त्याच्या घरचे मरण गावाला बातमी वाटत नव्हते. असली वतनी कामे म्हणजे गुलामीच, हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. तेव्हा 'पूर्वी सगळे एकमेकांची विचारपूस करीत' हे वाक्य आपण जपून उच्चारावे. 'सगळे' या शब्दात कोण होते आणि कोण नव्हते, हे आधी पाहिले पाहिजे. आणि जो या शब्दाबाहेर होता, त्याच्या पाणवठ्याची जागाही निराळीच होती.

मग या काठावर तळे आले. जायकवाडीची कथा मोठी विलक्षण आहे. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले एक खेडे. धरण त्याच्याजवळ बांधायचे असा पहिला बेत होता. पुढे जागा बदलून ती गोदेच्या वरच्या अंगाला, पैठणला गेली. नाव मात्र तेच राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या त्या बांधामागे नाथसागर पसरला. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी सव्वाशेहून अधिक किलोमीटर चालून माजलगावच्या तळ्यात येते. हे तळे सिंदफणेवर धरण घालून पुढे तयार झाले, आणि आज बीड शहर त्याचेच पाणी पिते. भरलेल्या पावसाळ्यात जायकवाडीचे नाव रोज वर्तमानपत्रात येते: इतके टक्के भरले, इतके दरवाजे उघडले. पण ज्या खेड्याचे हे नाव, तिथल्या माणसांचे कसे चालले आहे, हे त्या बातमीत कधी नसते. नाव सर्वतोमुखी व्हावे आणि विचारणारा कोणी नसावा, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

तळी आली तशी काठची गावे उठली. धरणाखाली गेलेल्या गावाला दुसरीकडे जागा मिळते. रस्ते सरळ असतात, घरांना क्रमांक असतात, शाळा असते, पुढे नळही येतो. डोक्यावरची घागर उतरली, ही गोष्ट लहान नव्हे; तिच्याबद्दल हळहळणारा पुरुष स्वतः घागरी वाहणारा नसतो. परंतु पाणी घरात आले आणि पाणवठा गेला, हेही तितकेच खरे. पाण्याच्या निमित्ताने जे विचारणे होत होते, त्याला आता निराळे निमित्त शोधावे लागते. आणि माणसाचा स्वभाव असा की, निमित्त नसले म्हणजे तो सहसा कोणाच्या दारी जात नाही.

या जिल्ह्यावर दुसरा एक प्रसंग तर दर वर्षी येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसांची मोजदाद हत्याराने करणारी ही भाषा आपण किती सहज बोलून जातो! ट्रकमध्ये संसार भरायचा, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या शिवारात कोपी घालायची, आणि गळीत हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मागे राहतात म्हातारी माणसे आणि थोडी शाळकरी पोरे. पूर्वी या म्हाताऱ्यांना लेकाची खुशाली कळायला महिना लागे. आता हातात मोबाइल आहे. कोल्हापूरकडच्या फडात पोराला विळा लागला तर घटकाभरात माजलगावकडच्या ओट्यावर कळते. कळण्याला अंतर उरले नाही. पोहोचण्याला मात्र ते जिथल्या तिथे आहे. त्या म्हातारीची रात्र पूर्वी अज्ञानात जात होती, आता ज्ञानात जाते. यात सुधारणा किती झाली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता माझ्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. २०१९ साली बीड जिल्ह्याची एक बातमी देशभर गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक बायकांची, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची ऐन तरुण वयात, गर्भाशये काढलेली आढळली. कामाचा एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापलेले. दुखणे अंगावर काढायचे, आणि शेवटी कोणा डॉक्टरने भीती घातली की शस्त्रक्रियेला राजी व्हायचे. त्या वर्षी विधिमंडळात सरकारने आकडा सांगितला: बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून अशी शस्त्रक्रिया करू नये, असे बंधन जिल्ह्यात आले.

पण ही गोष्ट गावाला ठाऊक नव्हती काय? होती. 'तिची पिशवी काढली' हे वाक्य गावोगावच्या ओट्यांवर नेहमीचे झाले होते. शेजारणींनी विचारपूस केली असेल, चार दिवस पाणी भरून दिले असेल, भाकरी थापून दिली असेल. वास्तपुस्तीत कसूर झाली असे म्हणवत नाही. मग उणे कशात राहिले? बेरजेत. प्रत्येक ओट्याला एकेक दुःख माहीत होते. ती सारी दुःखे एकाखाली एक मांडून कोणी बेरीज केली नव्हती. ती झाली तेव्हा जे दैव वाटत होते ते अन्याय म्हणून दिसू लागले. आणि ही बेरीज वास्तपुस्तीने केली नाही, बातमीने केली.

म्हणून बातमीला नावे ठेवून मला मोकळे होता येत नाही. वास्तपुस्तीला माणूस दिसते, पण ओट्यापलीकडचे दिसत नाही. बातमीला ओट्यापलीकडचे दिसते, पण तिच्या आकड्यात माणूस हरवते. एकीला डोळे आहेत, दुसरीला गणित येते. ज्या समाजात या दोघी एकमेकींच्या घरी जात नाहीत, तिथे दयाळू माणसेही अन्याय वर्षानुवर्षे पाहत राहतात, आणि जाणकार माणसेही तो नुसताच वाचत राहतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आजकाल साऱ्या जगाची दुःखे सकाळच्या चहाबरोबर दारात येऊन पडतात; कळले म्हणून बांधील झालो तर माणसाने जगावे कसे? आक्षेप खरा आहे. माझे उत्तर एवढेच की, बंधन कळण्याच्या प्रमाणात नसते, हात पोहोचण्याच्या प्रमाणात असते. ज्याला मी नावाने हाक मारू शकतो, त्याच्याबद्दल कळले तर जाणे हे माझे काम. ज्याच्यापर्यंत माझा हात पोहोचत नाही, त्याच्या दुःखाची निदान करमणूक करू नये, आणि बेरीज मांडण्याची वेळ येईल तेव्हा, मग ती मतदानाची असो की ग्रामसभेची, त्याला हिशेबातून गाळू नये. आपण जी साखर वापरतो ती कोणाच्या हातून तोडली गेली, हे आठवायला काही हात लांब करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. विचारपूस कोणती आणि भोचकपणा कोणता? गावात सर्वांना सर्व कळते, म्हणूनच कित्येकांना गाव नकोसे होते. एखादी विधवा, एखादी घटस्फोटित मुलगी, जातीबाहेर लग्न केलेले जोडपे, यांना गावाचे विचारणे शिक्षेसारखे वाटते. या दोहोंतली रेघ मी अशी ओढतो: ज्याला उत्तरासाठी काही पदरमोड करावी लागली तरी चालते, तो विचारपूस करतो, ज्याला उत्तर फक्त पुढच्या ओट्यावर न्यायचे आहे, तो भोचक. प्रश्न दोघांचा एकच असतो. तो प्रश्न संपल्यावर विचारणारा काय करतो, यावरून माणूस ओळखावे.

दिवाळीचे दिवस आहेत. फराळाचे ताट शेजारी पाठवण्याची आपली रीत ही मुळात वास्तपुस्तीचीच एक सोय होती. ताट नेणारे पोर दार वाजवी, घरात कोण आहे, कोण अंथरुणावर आहे, चूल पेटली आहे की नाही, हे पाहून येई; आणि ताट रिकामे परत पाठवायचे नाही, या शिष्टाचारामुळे दुसऱ्या दिवशी तिकडचे पोर इकडे येई. चकली-करंजी हे निमित्त. आता मिठाईचे बंद डबे येतात. ते परत द्यावे लागत नाहीत, आणि नेऊन देणाऱ्याला उंबरठाही ओलांडावा लागत नाही.

माजलगावच्या तळ्याकाठी या दिवसांत कित्येक घरांना कुलपे असतील, आणि कित्येक ओट्यांवर एकटी म्हातारी माणसे असतील. त्यांची बातमी कोणी छापणार नाही, आणि छापण्यासारखे तिथे काही घडलेलेही नसेल. पण गावात जी चार माणसे उरली असतील, त्यांनी एक ताट तिकडे न्यावे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी आपल्या आळीतले, आपल्या जिन्यातले एखादे असे दार आठवावे. तिथे बसून घटकाभर ऐकावे. आणि जे ऐकले ते पुन्हा दुसऱ्या दारी, तिसऱ्या दारी तसेच ऐकू आले, तर मात्र ओट्यावर बसून राहू नये. उठून बेरीज मांडायला लागावे.