पिंजऱ्यावरचा गंज



राखेच्या बुधवारी आपण संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला उतारा ऐकला. दान गाजावाजा न करता करा, प्रार्थना दार लावून करा, उपवासाचे प्रदर्शन मांडू नका, असे प्रभू येशू तेथे सांगतो. मिस्सामध्ये वाचन तेवढ्यावर थांबते. पण घरी जाऊन पुढे वाचले, तर लगेचच प्रभू कसर आणि जंग यांविषयी बोलतो, आणि आणखी थोडे पुढे आकाशातल्या पाखरांविषयी. गंज आणि पाखरे एकाच अध्यायात आहेत. यंदा मला या दोन्हींनी मिळून एक धडा शिकवला. तो तुम्हांला सांगावा असे वाटते.

आमच्या निवासाच्या मागच्या पडवीतला पिंजरा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. धर्मशिक्षणाला येणारी मुले तर पाखरांना भेटल्याशिवाय घरी जात नाहीत. परदेशी स्थायिक होण्यासाठी निघालेल्या एका कुटुंबाने आपली कॉकटेल पक्ष्यांची जोडी पिंजऱ्यासकट माझ्या स्वाधीन केली. (हे पक्षी मूळ ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडचा रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे.) पिंजरा स्टेनलेस स्टीलचा. 'जन्मभर गंजणार नाही,' असे दुकानदाराने त्यांना छातीठोकपणे सांगितले होते.

दीड वर्षात त्यावर तांबूस ठिपके आले. सळ्या जिथे जोडल्या आहेत त्या सांध्यांवर, आणि खालच्या ट्रेच्या कडेला, जिथे विष्ठा आणि भिजलेले दाणे चिकटून राहतात, तिथे जास्त. मी आधी ब्लीचिंगचे पाणी ओतले. डाग हटेनात. तेव्हा मागच्या खोलीतून लोखंडी तारांचा ब्रश काढला. मृतांच्या दिनाआधी कबरस्तानाचे फाटक रंगवताना आपण ज्याने गंज खरवडतो, तोच हा ब्रश. घाम येईपर्यंत घासले. पिंजरा चांदीसारखा चमकला. मी खूश झालो.

चार-पाच दिवसांनी पाहतो तर आधी जिथे एक डाग नव्हता, तिथेही बारीक तांबडे ठिपके! मी दुकानदाराला मनातल्या मनात खूप बोलून घेतले. त्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातल्या, ग्रिल आणि दरवाजे बनवणाऱ्या एका काकांना पिंजरा दाखवला. त्यांनी सळीवरून बोट फिरवले आणि विचारले, "फादर, कशाने घासलात?" मी ब्रश आणून दाखवला. ते हसले. म्हणाले, "फादर, हा गंज पिंजऱ्याचा नाही. हा तुमच्या ब्रशाचा आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले. स्टेनलेस स्टील म्हणजे न गंजणारी कोणी वेगळी धातू नव्हे. तेही लोखंडच. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेले असते. हवेतला प्राणवायू लागला की या क्रोमियमचे एक कवच पृष्ठभागावर धरते. ते इतके पातळ असते की केसाच्या जाडीचा दहा हजारावा भागही भरणार नाही. डोळ्यांना ते दिसत नाही, पण लोखंडाला तेच राखते. त्यावर ओरखडा पडला तरी हवा लागताच ते पुन्हा आपोआप धरते. त्याचे वैरी दोन. एक मीठ. आपल्याकडचा समुद्राचा खारा वारा आणि ब्लीचिंगचे पाणी, दोन्ही त्या कवचाला भोके पाडतात. दुसरा वैरी चिकटून राहिलेली घाण. तिच्याखाली हवा पोचत नाही, म्हणून कवच नव्याने धरत नाही, आणि वरून काही दिसत नसताना आत धातू खाल्ली जाते. वेल्डिंगच्या जागी कवच आधीच कमजोर असते, म्हणून गंज तिथे पहिला दिसतो. आणि लोखंडी ब्रशाने घासले की ब्रशाच्या लोखंडाचे कण सळीत रुतून बसतात आणि मग तेच गंजतात.

बंधु-भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागेना. त्याचे कारण पिंजरा नव्हता.

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. गायनवृंदाच्या तालमीला एक तरुण दारू पिऊन आला. मी त्याला सर्वांसमोर झाडले. त्याची आई तिथेच, माळेचे मणी हातात धरून बसली होती. माझे शब्द खोटे नव्हते. दारूने किती घरे बसली हे आपण सारे जाणतो. पण त्या दिवशी सकाळी मी दुसऱ्याच एका गोष्टीवरून संतापलो होतो आणि तो संताप मी त्या मुलावर काढला. तो पुन्हा गायनवृंदात आला नाही. हळूहळू मिस्सालाही येईना. इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की त्याची श्रद्धाच कच्ची होती. म्हणजे दोष मी पोलादाला देत होतो. हातातला ब्रश मी कधी पाहिलाच नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही प्रभूची शिकवण त्याच शुभवर्तमानात, अगदी पुढच्याच अध्यायात आहे. तिच्यावर मी किती प्रवचने दिली असतील!

गेल्या महिन्यात मी त्याचा नंबर मिळवून फोन केला आणि क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, आई गेल्या वर्षी गेली. तिला हे ऐकायला बरं वाटलं असतं." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. क्षमा मागायला मी उशीर केला होता. हे सारे मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे.

आता पिंजरा कसा साफ केला तेही सांगतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पाखरे आहेत आणि मुकी असली तरी तीही देवाची निर्मिती आहेत.

काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की आधी पाखरे दुसऱ्या पिंजऱ्यात, दुसऱ्या खोलीत न्या. त्यांची फुप्फुसे फार नाजूक असतात. उग्र वास त्यांना सोसत नाही. मग कोमट पाणी, भांडी धुण्याचा सौम्य साबण आणि मऊ कापड किंवा नायलॉनचा ब्रश घेऊन चिकटलेली घाण आधी भिजवायची, मग पुसायची. डागांवर खाण्याच्या सोड्याचा लगदा लावून हलक्या हाताने चोळायचे. तरीही राहिले तर लिंबाचा रस दहा-पंधरा मिनिटे लावून ठेवायचा. त्यानंतर साध्या पाण्याने दोन-तीन वेळा खळखळून धुवायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्यायचे. मगच पाखरे परत आणायची. संडास साफ करायचे अॅसिड, ब्लीच, लोखंडी घासणी यांना हात लावायचा नाही. गंज झाकायला वरून रंगही मारायचा नाही, कारण पाखरे सळ्या चोचीने कुरतडतात आणि रंगाचे पापुद्रे त्यांच्या पोटात जातात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी बसवणेही त्यांना घातक असते. जस्ताने त्यांना विषबाधा होते.

यातली प्रत्येक गोष्ट मला या प्रायश्चित्तकाळात आपल्या घरांविषयी बोलते आहे असे वाटले.

आधी पाखरे हलवा. नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ एकमेकांचा गंज खरवडायला बसतात तेव्हा पिंजऱ्यात मुले असतात, म्हातारी आई असते. तो उग्र वास त्यांच्या छातीत जातो. बोलायचे असेल ते जरूर बोला, पण त्यांच्या देखत नको.

आधी भिजवा, मग पुसा. वर्षानुवर्षे चिकटलेली गोष्ट एका रात्रीत खरवडून निघत नाही. जमिनीच्या हिश्श्यावरून ज्या घरांत बोलणे बंद आहे, तिथे पहिल्याच भेटीत सातबारा काढू नका. आधी आजारपणात विचारपूस करा, सणाला पोळ्या पाठवा. थोडे भिजू द्या.

रंग मारू नका. झाकलेला गंज आत खातच राहतो. प्रभूच्या वचनात जंगासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थच 'खाणे' असा होतो. आपणही म्हणतोच की लोखंड गंजाने खाल्ले.

आणि शेवटी हवा लागू द्या. सर्वांत जास्त मला हीच गोष्ट भावली. ते कवच आपण चढवत नाही. लिंबू चढवत नाही, सोडा चढवत नाही. आपण फक्त घाण दूर करायची. कवच हवा लागताच आपोआप धरते. देवाची कृपा अशीच आहे. पापनिवेदनात, ज्याला आपली जुनी मंडळी कुमसार म्हणतात, आपण आपले पावित्र्य तयार करत नाही. आड आलेले तेवढे बाजूला करतो. भरून काढणारा तो आहे. म्हणूनच वर्षातून एकदा, पुनरुत्थान सणाच्या आदल्या आठवड्यात रांग लावण्यापेक्षा नियमाने येणे बरे. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्याने पिंजरा आठवड्याला पुसावा, असे काका म्हणाले. आपण सारेच खाऱ्या वाऱ्यात राहतो.

पिंजरा आता स्वच्छ आहे. दोन सांध्यांवर मात्र बारीक खड्डे पडले आहेत. ते बुजणार नाहीत. तिथे मी रोज फडके फिरवतो. पापाची क्षमा होते, पण काही खुणा राहतात, आणि त्या जागा पुढे जास्त जपाव्या लागतात. तो तरुण अजून मिस्साला येत नाही. मी त्याला तसे म्हटलेही नाही. दर रविवारी सायंकाळी मात्र आम्ही फोनवर बोलतो.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एकच करू या. ज्याला आपण कधी फार जोराने घासले, असे एक माणूस आठवू या. मुलगा असेल, सून असेल, शेजारी असेल, धर्मशिक्षणाच्या वर्गातले एखादे मूल असेल. त्याच्यातला दोष खरा असेलही. तरी हातातला ब्रश एकदा पाहू या. आणि ते माणूस, किंवा त्याची आई, हयात आहे तोवर त्याच्याकडे जाऊ या.

हे प्रभो, चिमणीसुद्धा तुझ्या नजरेतून सुटत नाही. आमच्या हातून दुखावलेली माणसे तूच आम्हांला आठवून दे. आमचे हात हलके कर, आमचे शब्द स्वच्छ पाण्यासारखे कर, आणि तुझ्या कृपेचे न दिसणारे कवच आमच्या घरांवर पुन्हा धरू दे. आमेन.